भार कोणी ठरवायचा? पश्चिम घाटाच्या नकाशावरून एक वाद

एकाच निर्णयातून अनेक हेतू साधायचे असतात, ते एकमेकांच्या आड येतात आणि प्रत्येकाचे माप निराळे असते, अशा वेळी हेतूंची फोड करून, प्रत्येकासाठी निकष नेमून, पर्यायांना त्या निकषांवर गुण देऊन आणि निकषांना भार लावून तुलना करण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली, तिला बहुउद्दिष्ट निर्णयविश्लेषण म्हणतात. राल्फ कीनी आणि हॉवर्ड रायफा यांच्या १९७६ सालच्या ग्रंथामुळे या रीतीला शिस्तबद्ध गणिती मांडणी मिळाली, आणि त्यानंतर धरणे, विमानतळ, वीजकेंद्रे, औषधे यांसारख्या विषयांवरील निर्णयांत ती वापरली जाऊ लागली. तिच्याविषयीचे आक्षेपही तितकेच जुने आहेत. जंगल, पाणी, रोजगार आणि माणसाचा जीव यांची बेरीज करता येते का, आणि येत असली तरी ती करण्याचा अधिकार कोणाला, हे त्यांतले दोन मुख्य आक्षेप होत.

हा वाद मोकळ्या हवेत घालण्यापेक्षा एका प्रत्यक्ष नकाशावर घालणे बरे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला आणि त्याने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. या गटाने तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या डोंगररांगेवर सुमारे ९ किलोमीटर बाजूच्या चौकटींचे जाळे टाकले, अशा सुमारे २२०० चौकटींना सात निकषांवर दहापैकी गुण दिले आणि त्या गुणांची सरासरी काढून प्रत्येक चौकट कमी-अधिक संवेदनशील अशा तीन श्रेणींपैकी एकीत बसवली. प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र न आढळणाऱ्या, वनस्पती, लाल यादीतील सस्तन प्राणी, सदाहरित परिसंस्थेचे प्रमाण, फारसे न विस्कटलेले जंगल, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीचा उतार, आणि नदीकाठची वनराई, असे ते सात निकष होते. पुढील संवादातील विश्लेषक या रीतीचा कैवार घेणारी आहे, तर आक्षेपक हा घाटातल्या गावांमध्ये दीर्घकाळ काम केलेला समाजशास्त्राचा अभ्यासक आहे. दोघांनाही घाट वाचावा असे वाटते, आणि मतभेद तिथून पुढे सुरू होतो.

आक्षेपक : सात निकषांची साधी सरासरी काढली की सातही निकषांना सारखाच भार मिळतो, आणि सारखा भार म्हणजे तटस्थपणा, असा समज त्यातून सहज पसरतो. उंची, उतार, सदाहरित जंगल आणि न विस्कटलेले जंगल या गोष्टी घाटमाथ्यावर बहुधा एकत्रच येतात. त्यामुळे एकच गुणधर्म चार वेगवेगळ्या नावांनी मोजला जातो आणि उंच, उभ्या, झाडोऱ्याने भरलेल्या कड्याला न मागता अधिक मते मिळतात. याचा तोटा कोकणातल्या सड्यांना होतो. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण सपाट पठार उंचीला कमी, उताराला जवळजवळ शून्य, आणि सदाहरित जंगल तिथे नसतेच. पण पावसाळ्याच्या काही आठवड्यांत त्यावर उगवणाऱ्या इवल्या वनस्पतींपैकी कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. समजा, अशा एका चौकटीला प्रदेशनिष्ठ वनस्पतींसाठी दहापैकी दहा आणि उरलेल्या सहा निकषांवर प्रत्येकी दोन गुण मिळाले, तर सरासरी येते जेमतेम ३.१, आणि शेजारची कशातच असामान्य नसलेली चौकट सातही निकषांवर पाच गुण मिळवून पुढे निघून जाते. सडा म्हणजे पडीक जमीन, हा सरकारी दप्तरातला जुना गैरसमज होता. आता त्याला शास्त्रीय बैठक मिळते.

विश्लेषक : हा आक्षेप रीतीवर नसून तिच्या एका सोप्या रूपावर आहे, आणि त्या मर्यादेत तो पूर्ण खरा आहे. सरासरीला शास्त्रात भरपाईक्षम पद्धत म्हणतात, कारण एका निकषावरची उणीव दुसऱ्यावरच्या आधिक्याने भरून निघते. जिथे अशी भरपाई मान्य नसेल तिथे सरासरी काढूच नये. शालान्त परीक्षेत एकूण टक्केवारी कितीही चांगली असली तरी प्रत्येक विषयात किमान गुण लागतात, त्याच धर्तीवर १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी वरचढपणाच्या तुलनेची जी पद्धत विकसित केली, तिच्या पुढील रूपांत नकाराधिकाराच्या मर्यादेची सोय आहे : एखादा पर्याय एका निकषावर ठरावीक मर्यादेपलीकडे वाईट असेल, तर बाकीच्या सर्व निकषांवर सरस असूनही तो सरस मानला जात नाही. सड्यासाठी याची उलट बाजू वापरता येते. प्रदेशनिष्ठतेचे गुण एका मर्यादेवर गेले की इतर गुण न पाहता ती चौकट वरच्या श्रेणीत जावी, असा नियम करता येतो. उताराच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. कोसळण्याच्या बेतात असलेल्या उताराला तिथल्या वनस्पतींच्या साधेपणामुळे कमी धोकादायक ठरवणारी सरासरी कोणत्याही विचारी माणसाने स्वीकारू नये.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गाडगीळ गटाचे काम पूर्ण अर्थाने निर्णयविश्लेषण नव्हतेच. ते निर्णयविश्लेषणाच्या पूर्वार्धासारखे होते. निर्णयविश्लेषणात पर्यायांची तुलना होते, तर या गटाने ठिकाणांची तुलना केली. संवेदनशीलता हा जमिनीचा गुण मोजला, आणि त्या गुणाला कोणते नियम जोडायचे हे स्वतंत्रपणे, कार्यक्षेत्रवार सुचवले. उदाहरणार्थ, पहिल्या श्रेणीत नव्या खाणींना परवाने देऊ नयेत आणि चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, अशी शिफारस होती. गुण मोजणे हे निसर्गशास्त्राचे काम आणि नियम जोडणे हे समाजाच्या निवडीचे काम, हा भेद अहवालात होता. नंतरच्या गदारोळात तो हरवला आणि नकाशावरचा रंग हाच निर्णय समजला गेला.

आक्षेपक : भेद हरवला याचा दोष केवळ ऐकणाऱ्यांकडे जात नाही. रंग ठरवण्याच्या नियमांतच निवडी दडलेल्या होत्या. राज्यातील संरक्षित क्षेत्रांत येणाऱ्या सर्वांत कमी गुणांच्या चौकटीइतके तरी गुण ज्या चौकटीला आहेत ती पहिल्या श्रेणीत घ्यावी, संरक्षित क्षेत्रे आणि पहिली श्रेणी मिळून साधारणपणे ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, तिसरी श्रेणी सुमारे २५ टक्के असावी, हे आकडे कोणत्या वनस्पतीने वा कोणत्या ओढ्याने सांगितले? आणि गुणांची तुलना प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे केल्यामुळे, केरळात दुसऱ्या श्रेणीत बसणारी चौकट महाराष्ट्रात पहिल्या श्रेणीत येऊ शकते. ज्याच्या शेताला रंग लागतो त्याला हे कसे समजावून सांगायचे?

विश्लेषक : ते आकडे निसर्गाने सांगितलेले नाहीत, माणसांनी ठरवलेले आहेत, आणि अहवालात ते लिहिलेले आहेत म्हणूनच त्यांच्यावर बोट ठेवता येते, मंत्र्याच्या दालनात तोंडी ठरलेल्या प्रमाणावर असे बोट ठेवता आले नसते. राज्यवार तुलनेमागचे कारणही सांगता येण्याजोगे आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना कोरडा ऋतू लांबत जातो आणि सदाहरित जंगल व प्रदेशनिष्ठ प्रजाती विरळ होत जातात. सगळ्या घाटाला एकच मोजपट्टी लावली असती तर सह्याद्रीचा उत्तर भाग जवळजवळ सगळा खालच्या श्रेणीत गेला असता आणि महाराष्ट्रातल्या नद्यांची उगमस्थाने उघडी पडली असती. मोजपट्टीची दोन टोके कुठे धरायची, हा या शास्त्रातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक प्रश्न आहे, आणि भाराचा खरा अर्थही तिथेच आहे.

भाराच्या या अर्थाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण बहुतेक समित्या, सल्लागार संस्था आणि विद्यापीठांतले प्रबंधही त्याच्याबाबत एकच चूक करतात. प्रश्नावलीत विचारले जाते, ‘तुमच्या मते पाणी किती महत्त्वाचे, रोजगार किती महत्त्वाचा, जंगल किती महत्त्वाचे?’ आणि उत्तरांतून टक्केवारी काढून तिला भार म्हटले जाते. कीनी आणि रायफा यांच्या परंपरेत हा प्रश्नच निरर्थक आहे. पाणी महत्त्वाचे आहे याचा अर्थ किती पाणी आणि कशाच्या बदल्यात, हे सांगितल्याशिवाय लागत नाही. लोहखनिजाची खाण होऊ घातलेल्या एखाद्या गावापुढे समजा दोन टोकांचे पर्याय आहेत : एकात गावचा ओढा डिसेंबरातच आटतो, दुसऱ्यात तो एप्रिलपर्यंत वाहतो, एकात गावातल्या पाच तरुणांना कायमची नोकरी मिळते, दुसऱ्यात साठ जणांना. आता विचारायचे ते असे, की दोन्ही बाबी वाईट टोकाला असताना त्यांतली एकच चांगल्या टोकाला नेता येत असेल, तर गाव आधी कोणती नेईल, आणि ओढ्याचे ते चार महिने टिकवण्यासाठी किती नोकऱ्यांवर पाणी सोडायला तयार होईल? या देवाणघेवाणीच्या उत्तरातून भार काढतात. नोकऱ्यांचा फरक पाच आणि साठ यांऐवजी पाच आणि आठ असा असेल, तर रोजगाराबद्दलची गावकऱ्यांची आस्था तीळभरही कमी न होता रोजगाराचा भार जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून टोके न सांगता दिलेला भार हा भार नव्हे, ती नुसती भावना आहे. भावना खरी असली तरी तिच्यावरून गणित करता येत नाही.

आक्षेपक : हा खुलासा महत्त्वाचा आहे, पण त्याने आक्षेप अधिकच टोकदार होतो. देवाणघेवाणीचा प्रश्न ज्याला विचारायचा तो कोण? या शास्त्राचे नमुनेदार उदाहरण म्हणून जे शिकवले जाते, ते मेक्सिको शहराच्या विमानतळाचे आहे. १९७१ साली तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कीनी आणि रिचर्ड दे न्यूफव्हिल यांनी तेश्कोको आणि सुंपांगो या दोन जागांची तुलना केली. खर्च, विमाने हाताळण्याची क्षमता, पोहोचण्याचा वेळ, सुरक्षितता, विस्थापन आणि गोंगाट असे सहा निकष घेतले. विस्थापन म्हणजे हलवावी लागणारी माणसे, एवढेच त्या निकषाचे माप होते. आणि देवाणघेवाणीची उत्तरे खात्याच्या अधिकाऱ्यांकडून घेतली गेली. तीस वर्षांनी, २००१ साली, सरकारने पुन्हा तेश्कोकोच्या बाजूला जमिनी घ्यायचे ठरवले, तेव्हा आतेन्कोचे शेतकरी कोयते घेऊन रस्त्यावर उतरले आणि पुढच्याच वर्षी तो बेत सोडावा लागला. सामाईक शेतजमिनीशी असलेले त्यांचे नाते कोणत्या रकान्यात होते?

विश्लेषक : कोणत्याच नव्हते, आणि ही त्या विश्लेषणाची उणीवच होती. परंतु त्याच विश्लेषणाने एक असे काम केले जे अधिकाऱ्यांच्या मनात आधी नव्हते. सुरुवातीला प्रश्न कोणत्या जागी बांधायचे असा होता. अनिश्चितता आणि निकष यांची मांडणी करताना तो आत्ता किती बांधायचे आणि किती निर्णय पुढे ढकलायचे असा बदलला, आणि सुंपांगोला जमीन राखून थोडेच बांधावे व बाकीचे परिस्थिती पाहून ठरवावे, अशा टप्प्याटप्प्याच्या मार्गाकडे कल झुकला. तो मार्ग तेव्हा कोणी चालला नाही. तेश्कोकोचा प्रकल्प २०१४ साली पुन्हा जाहीर झाला, बांधकाम बरेच पुढे गेल्यावर २०१८ च्या सार्वजनिक कौलानंतर रद्द झाला, आणि २०२२ साली नवे विमानतळ सुरू झाले ते सुंपांगोच्याच हद्दीत. १९७१ चे विश्लेषण बरोबर होते, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र भार उघड करून वाद घालण्याऐवजी भार लपवून निर्णय बदलत राहण्याला किती किंमत पडते, हे त्यावरून दिसते. आक्षेपकाने याचे उत्तर दिले पाहिजे : गुण आणि भार नकोत असे म्हटल्याने ते नाहीसे होतात का? खाणीला परवाना देणारी सही झाली की ओढ्याच्या चार महिन्यांची किंमत ठरलीच. फक्त ती कोणी, कोणत्या हिशेबाने ठरवली हे कळत नाही.

आक्षेपक : हे मान्य करावे लागते. न सांगितलेला भार हा सर्वांत जुलमी भार असतो, आणि गावांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तरीही सगळ्या गोष्टी बदल्यात देता येण्याजोग्या असतात, हे गृहीतक मान्य होत नाही. घाटातल्या देवराया कशाच्या बदल्यात द्यायच्या, असे विचारले तर अनेक गावांत उत्तर मिळणार नाही, विचारणाऱ्यालाच उठवून लावले जाईल. त्या मौनाला शून्य भार समजायचे की अनंत भार?

विश्लेषक : दोन्ही नाही. ते मौन म्हणजे सीमारेषा आहे, आणि तिला भारांच्या बाहेर, पर्याय तपासण्याच्या आधीच जागा द्यावी लागते : देवराई तोडणारा पर्याय तुलनेत येतच नाही. विश्लेषण मागते ते एवढेच, की अशी सीमारेषा कोणती आणि ती कोणी आखली हे लिहून ठेवावे, कारण सगळेच काही सीमारेषेपलीकडे नेले तर कोणताच पर्याय उरत नाही, आणि मग निर्णय पुन्हा त्या बंद दालनात जातो.

सीमारेषा आणि भार यांतील हा भेद लक्षात घेतला की गाडगीळ गटानंतर नेमल्या गेलेल्या कस्तुरीरंगन समितीशी असलेला फरकही वेगळा दिसू लागतो. एप्रिल २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या या समितीने उपग्रहांच्या अधिक बारीक चित्रांवरून आधी माणसाच्या वस्ती-शेतीचा सांस्कृतिक भूप्रदेश बाजूला काढला, उरलेल्या नैसर्गिक भूप्रदेशात जैविक समृद्धी, जंगलाचा सलगपणा आणि विरळ लोकवस्ती पाहिली, आणि ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील ठरले ते गाव यादीत घेतले. अशा रीतीने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरला. एका समितीने संपूर्ण घाट श्रेणीवार संवेदनशील मानला आणि दुसरीने त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग वगळला, यावरून ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे सोयीस्कर निष्कर्ष काढले गेले. प्रत्यक्षात मोजमापात मतभेद थोडा आणि रचनेत फार मोठा होता. गाडगीळ गटात शेतीचा आणि वस्तीचा प्रदेशही कमी गुणांनी का होईना चौकटीत राहत होता, तर कस्तुरीरंगन समितीत माणसांची दाटी ही प्रवेशाआधीचीच अट होती. एकाने माणूस आणि निसर्ग एकाच पटावर ठेवले, दुसऱ्याने त्यांचे पट वेगळे केले. हा मूल्यांचा फरक आहे, आणि तो २४ मीटरच्या उपग्रहचित्राने मिटणारा नाही. केंद्राच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत राहिल्या, सहावी ३१ जुलै २०२४ रोजी निघाली, ती वायनाडच्या भूस्खलनाच्या दुसऱ्याच दिवशी; इतक्या वर्षांत गावागावांत वाटाघाट झाली ती यादीत नाव असण्या-नसण्यावर, देवाणघेवाणीच्या प्रश्नांवर नाही.

आक्षेपक : मग उपाय ग्रामसभेचाच राहतो. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव केले, ही नोंद गाडगीळ गटाच्याच अहवालात आहे. कोणत्याही सल्लागाराने त्यांच्यापुढे भाराचे कोष्टक ठेवले नव्हते. खाणी काय करतात हे त्यांनी शेजारी पाहिले होते आणि काय सोडायचे, काय राखायचे हे त्यांनी बोलून ठरवले. निकष कोणते, त्यांची टोके कोणती, सीमारेषा कुठली, हे सर्व आधी गावाने सांगावे आणि तज्ज्ञाने त्याचे गणित नंतर करावे; आज होते ते नेमके उलटे.

विश्लेषक : हा क्रम स्वीकारण्यास हरकत नाही, उलट, त्याने भार खरे होतात. परंतु अडचण गावाच्या वेशीबाहेर सुरू होते. पुण्याचे पाणी पानशेत, वरसगाव आणि खडकवासल्यातून येते, मुंबईचे वैतरणा, तानसा आणि भातसा खोऱ्यांतून, आणि कृष्णा-गोदावरी तर थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत कोट्यवधी माणसांना पाणी देतात. ही सगळी माणसे घाटातल्या एखाद्या ग्रामसभेत मत देत नाहीत, पण त्या ग्रामसभेच्या निर्णयावर जगतात. एखाद्या ग्रामसभेने उलट ठराव करून खाण मागितली, तर तिचा भार अंतिम मानायचा का? आणि मानायचा नसेल, तर गावाने उत्पन्नावर पाणी सोडून राखलेल्या जंगलाबद्दल खालच्या शहरांनी गावाला दरवर्षी काय द्यावे, हाही देवाणघेवाणीचाच प्रश्न आहे, आणि तो आजवर शहरांना कोणी विचारलेला नाही.

आक्षेपक : शहराने काही देऊ करण्याआधी गावाला नकाराचा अधिकार असला पाहिजे; ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याशी झालेली देवाणघेवाण ही देवाणघेवाण नसते.

विश्लेषक : तो अधिकार सीमारेषांच्या यादीत सर्वांत वर लिहावा. मात्र त्याच यादीत त्याखाली शहरांच्या पाण्याचाही हक्क लिहावा लागेल, आणि त्या दोन ओळींपैकी कोणती दुसरीला छेदते हे ज्या बैठकीत ठरेल, तिथे गावाचे आणि शहराचे लोक समोरासमोर बसलेले असावेत आणि त्यांच्यापुढे एकाच खोऱ्याचा, दोघांनीही तपासलेला नकाशा असावा, ही या रीतीची किमान अट आहे.